लिलावातली ई-टाइप घेताय? आधी तिचा सातबारा काढा

गावाकडे दोन गुंठे जागा घ्यायची म्हटली तरी आपण किती उठाठेव करतो बघा. सातबारा काढतो, फेरफार बघतो, वकिलाला पैसे देऊन तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतो, आणि एवढं करूनही घरातलं कोणीतरी म्हणतंच की बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याला एकदा विचारून घ्या. आणि हीच आपली माणसं इथे इंग्लंडात लिलावाला जाऊन फ्लॅटच्या किमतीची, साठ वर्षं जुनी स्पोर्ट्स कार घेतात तेव्हा कॅटलॉगमधले चार चकचकीत फोटो बघून हात वर करतात. नंतर फोन मला.

मी कॉव्हेंट्रीच्या जवळ राहतो, पोटापाण्याला गिअरबॉक्सचं काम करतो, आणि ज्या ब्राउन्स लेनच्या कारखान्यात जॅग्वार ई-टाइप बनायची तो भाग इथून फार लांब नाही. २००८ मध्ये टाटांनी जॅग्वार घेतली त्यानंतर या पट्ट्यात मराठी बोलणारे इंजिनिअर बरेच आले, त्यातले काही आता सेटल झालेत, हाताशी थोडा पैसा आहे आणि डोक्यात ई-टाइप आहे. त्यामुळे गेली काही वर्षं शनिवार-रविवारी कोणाची ना कोणाची गाडी बघायला मला ओढून नेतात. तिथे जे शिकलो, आणि एकदा तोंडावर आपटून शिकलो, ते इथे लिहितोय. उदाहरण सिरीज वन, म्हणजे पहिल्या पिढीच्या ई-टाइपचं घेतलंय कारण ती मला माहीत आहे, पण पोर्शे असो की फेरारी, पद्धत तीच.

सुरुवातीलाच: आपण नक्की काय तपासतोय?

लोक 'गाडी ओरिजिनल आहे का' असं एका दमात विचारतात, पण त्यात तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींचं उत्तर वेगळं येऊ शकतं. एक, चेसिस नंबर जी गाडी सांगतोय ती हीच गाडी आहे का. दोन, कारखान्यातून निघताना जे इंजिन, गिअरबॉक्स, बॉडी होती तीच आज आहे का. तीन, विकणाऱ्याला ती विकायचा हक्क आहे का.

पहिल्या आणि दुसऱ्या प्रश्नातला फरक समजायला बेंटलीची केस बघा. 'ओल्ड नंबर वन' नावाची बेंटली स्पीड सिक्स, १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षं ल मान्सची शर्यत जिंकलेली. पुढे तिच्यात इतके बदल झाले की त्या शर्यतीतले मोजकेच तुकडे उरले. १ कोटी पौंडांना सौदा ठरला, मग घेणारा म्हणाला ही ती गाडीच नाही, आणि प्रकरण लंडनच्या हायकोर्टात गेलं. १९९० मध्ये निकाल लागला तो विकणाऱ्याच्या बाजूने. पार्ट ओरिजिनल नसतील, पण गाडीचा इतिहास कुठेही तुटलेला नाही, ती सलग त्याच ओळखीने जगली, म्हणून तीच 'ओल्ड नंबर वन'. म्हणजे साखळी अखंड असेल तर पार्ट बदलूनही ओळख टिकते. आणि उलट, सगळे पार्ट जुने असतील पण मधली वीस वर्षं गाडी कुठे होती कोणालाच माहीत नसेल, तर कुठेतरी पाणी मुरतंय.

पायरी १: कॅटलॉग वाचा, पण वकिलासारखा

हे काम घरी बसून करायचं, गाडी बघायच्या आधी. कारण एकदा ती ओपलेसंट रंगाची बया समोर उभी दिसली की डोकं चालत नाही, माझंही नाही.

लिलाव कंपन्यांची भाषा फार सांभाळून लिहिलेली असते. 'बिलीव्ह्ड टू बी', 'अंडरस्टुड टू हॅव', 'वी आर अ‍ॅडवाइज्ड बाय द व्हेंडर' हे शब्द दिसले की पेन्सिलीने खूण करा, कारण त्याचा सरळ अर्थ इतकाच की विकणारा असं म्हणतोय, आम्ही तपासलेलं नाही. याहून महत्त्वाचं म्हणजे जे लिहिलेलं नाही ते. ज्या गाडीचं इंजिन मूळचं आहे तिच्याबद्दल 'मॅचिंग नंबर्स' पहिल्या दोन ओळींत, मोठ्या तोऱ्यात लिहितात. पूर्ण पानभर वर्णन आहे, चामड्याच्या वासापर्यंत सगळं आहे, पण इंजिन नंबरचा उल्लेखच नाही किंवा 'करेक्ट टाइप इंजिन' असं मोघम लिहिलंय, तर समजा की इंजिन दुसऱ्या ई-टाइपचं आहे. खोटं काहीच लिहिलेलं नाही, फक्त तुम्ही भरभर वाचलं.

मग तोच चेसिस नंबर टाकून गाडी आधी कुठे लिलावाला आली होती का ते शोधा. जुने कॅटलॉग ऑनलाइन बरेच सापडतात. दहा वर्षांपूर्वी हीच गाडी 'रिप्लेसमेंट इंजिन' म्हणून विकली गेली आणि आज 'मॅचिंग' झाली असेल तर मधे चमत्कार झालाय, तो कोणी आणि कोणत्या गॅरेजात केला ते विचारा. ई-टाइपसाठी एक्सकेई डेटा नावाचं ऑनलाइन रजिस्टर आहे, लोक चेसिस नंबरनुसार फोटो आणि माहिती टाकतात. तिथे तुमचीच गाडी वेगळ्या रंगात, गंजलेल्या अवस्थेत, अमेरिकेतल्या कोणाच्या तरी अंगणात उभी दिसू शकते, आणि ते बघून खूप काही कळतं.

पायरी २: चेसिस नंबर काय बोलतो

३.८ लिटरच्या ई-टाइपचे नंबर चार रांगांत आहेत. राइट हँड (स्टिअरिंग उजवीकडे) रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची, ८५०००१ पासून, राइट हँड फिक्स्ड हेड कूपे, म्हणजे पक्क्या टपाची, ८६०००१ पासून, लेफ्ट हँड रोडस्टर ८७५००१ पासून आणि लेफ्ट हँड कूपे ८८५००१ पासून. ऑक्टोबर १९६४ ला ४.२ लिटर इंजिन आलं तेव्हा नंबरच्या पुढे '१ई' लागलं, राइट हँड रोडस्टर १ई१००१, लेफ्ट हँड रोडस्टर १ई१०००१, राइट हँड कूपे १ई२०००१, लेफ्ट हँड कूपे १ई३०००१. हे पाठ करायची गरज नाही, फोनमध्ये ठेवा.

याचा उपयोग काय, तर बहुतेक ई-टाइप अमेरिकेला गेल्या आणि १९८० च्या दशकाच्या शेवटी भाव भडकले तेव्हा त्यातल्या खूप परत आणून स्टिअरिंग उजवीकडे घेऊन विकल्या गेल्या. तो काही गुन्हा नाही, चांगल्या गाड्या आहेत त्या. पण मूळची ब्रिटनमध्ये विकलेली राइट हँड गाडी आणि कॅलिफोर्नियाहून आणून बदललेली गाडी यांच्या किमतीत फरक असतो आणि असायलाच पाहिजे. आमच्या एका मित्राला १९६२ ची कूपे पसंत पडली होती, स्टिअरिंग उजवीकडे, कॅटलॉगमध्ये 'अ फाइन राइट हँड ड्राइव्ह एग्झाम्पल'. नंबर ८८६ ने सुरू होत होता. एवढंच मी त्याला दाखवलं, बाकी काही बोललो नाही, त्याने स्वतःच बोलीचा आकडा कमी केला.

पायरी ३: सर्टिफिकेट, आणि त्याबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज

जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टकडे कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या आहेत, गेडन या गावी. त्यावरून ते सर्टिफिकेट देतात, त्यात चेसिस, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्स नंबर, बाहेरचा रंग, आतला रंग, गाडी कधी बनली, कधी रवाना झाली आणि कोणत्या वितरकाकडे गेली एवढं असतं. अर्ज मालकाला करावा लागतो, म्हणून विकणाऱ्याने ते काढलेलं नसेल तर लिलाव कंपनीमार्फत मागा. तीन-चार लाख पौंडांची गाडी विकायला काढलीय आणि हा कागद काढला नाही, हे पटत नाही.

पण नीट लक्षात घ्या, हा कागद तुमच्या समोरच्या गाडीबद्दल काहीच सांगत नाही. साठ वर्षांपूर्वी या नंबरची एक गाडी अशी अशी निघाली, एवढंच तो सांगतो. समोर उभी आहे ती तीच का, हे तुम्ही बघायचं. आणि ज्याला झोल करायचा आहे त्याला तर सर्टिफिकेट म्हणजे आयती उत्तरपत्रिकाच, कोणते आकडे ठोकायचे ते छापून हातात दिलेले. कोऱ्या डेटा प्लेट, म्हणजे हे नंबर कोरायच्या पट्ट्याही ऑनलाइन सहज मिळतात. म्हणून सर्टिफिकेटची तारीख बघा, इंजिनच्या रिबिल्डचं बिल बघा, आणि कोणतं आधीचं ते बघा. सर्टिफिकेट आधी आलं आणि नंतर दोन महिन्यांनी 'मूळ इंजिन सापडलं', तर मला तरी शंका येते.

बाकी गाड्यांना बाकीचे दरवाजे. एमजी, ऑस्टिन-हीलीसाठी गेडनलाच ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्ट आहे. जुन्या पोर्शेची कारखान्याची कार्डं असतात, त्याला कार्डेक्स म्हणतात. फेरारीने २००६ पासून क्लासिके नावाचा विभाग चालवलाय, तो गाडी तपासून लाल बाइंडरमधलं सर्टिफिकेट देतो, म्हणून लोक त्याला 'रेड बुक'च म्हणतात. आणि एफआयएचा (मोटर शर्यतींची जागतिक संस्था) हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट दाखवून कोणी 'ही बघा खरी गाडी' म्हणालं तर हसून पुढे जा. तो पासपोर्ट गाडी ऐतिहासिक शर्यतीच्या नियमात बसते का यासाठी असतो, ती जुनी शर्यत तिनेच मारली का याच्याशी त्याचा संबंध नाही.

पायरी ४: फाइल

माझा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि बाकीचे लोक इथे पाच मिनिटं देतात. लिलावाच्या व्ह्यूइंगला गेलात की डेस्कवर जाऊन 'लॉट नंबर अमुकची हिस्टरी फाइल द्या' म्हणायचं, ते देतात, तिथेच बसून बघायची. वही घेऊन जा. एका पानावर वर्षं लिहा, १९६१ पासून आजपर्यंत, आणि प्रत्येक कागद ज्या वर्षाचा त्या वर्षासमोर टाका, मायलेज असेल तर तेही. तासाभरात गाडीचा सर्च रिपोर्ट तयार. कुठे भोकं आहेत ते डोळ्यांना दिसतं. भोक असणं वाईट नाही, 'वीस वर्षं खळ्यात पडून होती' हे इथे खूप गाड्यांबाबत खरंच असतं, पण त्याआधीच्या शेवटच्या कागदावरचा माणूस आणि त्यानंतरच्या पहिल्या कागदावरचा माणूस यांना जोडणारा काहीतरी धागा पाहिजे, एखादं पत्र, विक्रीची पावती, वारसाचा कागद.

आता खोटे कागद. इंग्लंडमध्ये कागद खोटा आहे का ओळखायला काही मस्त खुणा आहेत. १५ फेब्रुवारी १९७१ ला इथे दशमान चलन आलं, त्याआधीच्या बिलात पौंड-शिलिंग-पेन्स असे तीन रकाने पाहिजेत. व्हॅट १ एप्रिल १९७३ ला सुरू झाला, म्हणजे १९६८ च्या बिलावर व्हॅट नंबर दिसला की विषय संपला. दरही बघा, जून १९७९ पासून १५ टक्के, १९९१ पासून साडेसतरा, २० टक्के २०११ पासून. आणि माझी आवडती खूण म्हणजे फोन नंबर. १६ एप्रिल १९९५ ला इथल्या बहुतेक एसटीडी कोडच्या शून्यानंतर १ हा आकडा घातला गेला. कॉव्हेंट्रीचा कोड आधी ०२०३ होता, मग ०१२०३ झाला, आणि २००० मध्ये तो जाऊन ०२४ आला.

एका फाइलमध्ये मला १९८७ चं बिल सापडलं, इंजिन रिबिल्डचं, त्यावर मूळ इंजिनाचा नंबर व्यवस्थित लिहिलेला. कागद पिवळा, कडेला ग्रीसचा अंगठा, व्हॅटही बरोबर १५ टक्के लावलेला. करणाऱ्याने अभ्यास केला होता. पण वर लेटरहेडवर गॅरेजचा फोन ०१२०३ ने सुरू होत होता. १९८७ ला तो कोड अस्तित्वातच नव्हता. मी डेस्कवरच्या माणसाला दाखवलं, त्याने चष्मा काढला, परत घातला, आणि म्हणाला की कदाचित नंतर डुप्लिकेट काढलं असेल. असेलही. आम्ही बोली लावली नाही. गाडी विकली गेली, अंदाजापेक्षा जास्तीला.

तर असं. अजून थोडं या फाइलबद्दल. एमओटी म्हणजे आपल्याकडच्या फिटनेससारखी वार्षिक तपासणी, ती १९६० पासून आहे, आणि २००५ पासूनचा रेकॉर्ड सरकारी वेबसाइटवर नंबर टाकून फुकट दिसतो, मायलेजसकट. मे २०१८ पासून ४० वर्षांवरच्या गाड्यांना ती सक्तीची नाही, त्यामुळे त्यानंतरचे पेपर नसले तर घाबरू नका. जुन्या टॅक्स डिस्क, त्या काचेवर लावायच्या गोल चकत्या, २०१४ ला बंद झाल्या. कोणीतरी त्या जपून ठेवल्या असतील तर सोनं समजा, कारण असल्या फालतू गोष्टी खोट्या करायचं कोणाला सुचत नाही.

नंबर प्लेटही वाचा. गाडी १९६१ ची, पण त्या काळातला ब्रिटिश नंबर नाही आणि नंतर दिलेला वयानुसारचा नंबर आहे, तर दोन शक्यता, एक तर ती परदेशातून आली, किंवा जुना नंबर गेला. १९८३ च्या नोव्हेंबरअखेरपर्यंत ज्या गाड्यांची नोंद स्वानसीच्या सरकारी वाहन नोंदणी कार्यालयाच्या कॉम्प्युटरवर चढली नाही त्यांचे नंबर रद्द झाले. पुरावा असेल तर व्ही७६५ फॉर्म भरून जुना नंबर परत मिळवता येतो. कोणी तसा मिळवला असेल तर त्या अर्जाचे कागद फाइलमध्ये असले पाहिजेत, त्यात बरीच माहिती असते.

पायरी ५: मालकी

इथे आपली माणसं हमखास चुकतात. व्ही५सी, ज्याला सगळे लॉगबुक म्हणतात, ते आपल्या आरसी बुकसारखं दिसतं पण तो मालकीचा पुरावा नाही, आणि हे त्या कागदावरच छापलेलं आहे. त्यावर 'रजिस्टर्ड कीपर' असतो, मालक नव्हे. मालकीसाठी विक्रीच्या पावत्यांची साखळी लागते. त्याशिवाय एचपीआय चेक करा, गाडीवर कर्ज बाकी आहे का आणि ती चोरीला गेल्याची नोंद आहे का ते कळतं, थोडक्या पौंडांचं काम.

याला कंटाळा करू नका. फेरारी ३७५ प्लस, शर्यतीची दुर्मिळ गाडी, अमेरिकेत ओहायोमध्ये एकाच्या अंगणात मोडक्या अवस्थेत पडलेली, १९८० च्या दशकात चोरीला गेली आणि बेल्जियमला पोहोचली. २०१४ च्या जूनमध्ये गुडवुडला तिचा लिलाव झाला, १ कोटी पौंडांच्या वर किंमत आली, आणि त्यानंतरही मालकीवरून कोर्टकचेऱ्या झाल्या. आपण त्या लेव्हलचे नाही हे खरंय, पण आपल्या लेव्हलला वकिलाची फी गाडीपेक्षा जास्त व्हायला वेळ लागत नाही.

पायरी ६: पत्रा

आता जमिनीवर. जुने कपडे, टॉर्च, डेंटिस्टचा असतो तसा लांब दांडीचा आरसा, लोहचुंबक, जमलं तर पेंटची जाडी मोजायचं मीटर, आणि एक पुठ्ठा खाली पसरायला. परवानगी विचारून घ्या. भीड ही भिकेची बहीण, गाडीखाली झोपायची लाज वाटत असेल तर तपासून देणारा माणूस पैसे देऊन न्या.

बॉनेट उघडा, ई-टाइपचं बॉनेट म्हणजे अर्धी गाडीच पुढे झुकते. चेसिस नंबर पुढच्या चौकटीवर ठोकलेला असतो, उजव्या बाजूला, शॉक अब्सॉर्बरच्या माउंटिंगच्या वर. या चौकटीला पिक्चर फ्रेम म्हणतात. आता मेख अशी की ई-टाइपचा मागचा भाग मोनोकॉक, म्हणजे एकसंध पत्र्याचा आहे आणि पुढे इंजिनाच्या नळ्यांच्या फ्रेम बोल्टने जोडलेल्या आहेत. म्हणजे ज्यावर गाडीची ओळख कोरलीय तो भाग पान्याने निघतो. पुढून ठोकली की फ्रेम बदलली, आणि नवीन फ्रेमवर गॅरेजवाल्याने जुना नंबर ठोकला. हे हजारो गाड्यांत झालंय, चांगल्या हेतूनेही झालंय. चांगला रिस्टोरर जुन्या फ्रेमचा नंबरवाला तुकडा कापून गाडीबरोबर देतो. तो आहे का विचारा.

आपल्याकडे आरटीओत एजंट चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल फिरवतात ना, तीच पेन्सिल प्रिंट इथे घ्या. फोटोत उजेडामुळे फसायला होतं, प्रिंटमध्ये आकड्यांची उंची, अंतर, खोली स्पष्ट येते, आणि तिची तुलना जवळच्या नंबरच्या खात्रीच्या गाडीशी करता येते, जॅग्वार मालकांच्या क्लबची माणसं अशा प्रिंट आनंदाने दाखवतात. कारखान्यात हे आकडे हाताने, एकेक पंच ठोकून घातलेले आहेत, त्यामुळे ते थोडे वरखाली असतात. शाळेतल्या कवायतीसारखे एका रेषेत उभे आकडे दिसले तर सावध व्हा. मी एकदा इथेच फसलो. मित्राची गाडी, नंबर बरोबर, मी म्हटलं घे. घेतल्यावर बॉडी उघडली तर फ्रेम कोरी करकरीत नवीन, वेल्डचा रंगसुद्धा गेला नव्हता, आणि तिचं एकही बिल फाइलमध्ये नाही. आकडे काय सुंदर सरळ होते, अजून डोळ्यासमोर आहेत. मी आकडे वाचले होते, ते कसे ठोकलेत ते बघितलंच नव्हतं.

मग इंजिन. नंबर ब्लॉकवर उजव्या बाजूला, ऑइल फिल्टरच्या वर असतो आणि हेडवरही पुढच्या बाजूला असतो. ३.८ ला 'आर' ने सुरू होतो, ४.२ ला '७ई' ने, आणि शेवटी डॅश मारून ८ किंवा ९ असतं ते कॉम्प्रेशन रेशो. ब्लॉक आणि हेड दोन्ही वाचा. नंबरच्या भोवतीचा पृष्ठभाग बोटाने चाचपा, बाकी ब्लॉक ओतकामाचा खरखरीत असून फक्त नंबरच्या जागी ग्राइंडर फिरल्यासारखं गुळगुळीत किंवा किंचित खोलगट लागलं तर जुना नंबर घासून नवा घातलाय. गिअरबॉक्सचा नंबर वाचायला त्रास होतो, पुठ्ठा त्यासाठीच आणलाय. हा नंबर कोणी वाचत नाही म्हणून मी मुद्दाम वाचतो. गिअरबॉक्सचं महत्त्व कमी वाटत असेल तर ऐका, २०१७ मध्ये एक फेरारी २५० जीटीओ ४ कोटी ४० लाख डॉलरला विकली गेली, तिचा मूळ गिअरबॉक्स गाडीत नव्हता, अमेरिकेत तिसऱ्याच माणसाकडे होता, आणि तो मिळवून द्यायची जबाबदारी कोणाची यावरून दोन पार्ट्या लंडनच्या कोर्टात भांडल्या.

त्यानंतर छोटे पार्ट. ल्युकसच्या डायनमोवर, स्टार्टरवर, डिस्ट्रिब्युटरवर महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. साधा नियम, पार्ट गाडीच्या आधी जन्मला पाहिजे. गाडी मार्च १९६२ ची असेल आणि पार्टवर जानेवारी ६२ असेल तर छान. ६३ असेल तर तो बदललाय, त्यात वावगं काही नाही, फक्त 'अनटच्ड' म्हणू नका. पण याच्यावरही फार विसंबू नका, कारण ब्यूलीला दर सप्टेंबरला मोठं ऑटोजंबल भरतं, पुण्याच्या जुन्या बाजारासारखंच पण मैदानभर, तिथे हवी ती तारीख शोधून पार्ट घेणारे लोक मी पाहिलेत.

सुरुवातीच्या गाड्यांचं वेगळं प्रकरण आहे. ई-टाइप मार्च १९६१ ला जिनिव्हात दाखवली, आणि पहिल्या सुमारे ५०० गाड्यांना बॉनेटचं कुलूप बाहेरून होतं, वेगळ्या किल्लीने उघडायचं. १९६२ च्या सुरुवातीपर्यंतच्या गाड्यांची पायाखालची फ्लोअर सपाट होती, नंतर पाय मावावेत म्हणून खोलगट केली. या 'फ्लॅट फ्लोअर' आणि 'आउटसाइड लॉक' गाड्यांना जास्त पैसे मिळतात, म्हणून सपाट फ्लोअर नंतर वेल्ड करून बसवलेल्याही असतात. चेसिस नंबर त्या काळातला आहे का आणि फ्लोअरच्या कडेचं स्पॉट वेल्डिंग कसं दिसतं, दोन्ही बघा. चुंबक दरवाजाच्या खालच्या कडेवर, सिलवर, मागच्या चाकाच्या कमानीवर फिरवा, पकड सुटली की खाली लांबी आहे. आपल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्यांनाच लांबी मारता येते असा गैरसमज असेल तर इंग्लंडच्या गाड्या बघा.

पोर्शेवाल्यांसाठी जाता जाता. १९७३ ची ९११ कॅरेरा आरएस २.७ एकूण १,५८० बनल्या, आणि साध्या ९११ ला बदकाच्या शेपटीसारखा स्पॉइलर आणि दरवाजावर 'कॅरेरा' अक्षरं लावून त्यापेक्षा कितीतरी जास्त फिरतायत. खऱ्या आरएसच्या चेसिस नंबरची सुरुवात ९११३६० ने होते आणि इंजिनाचा टाइप ९११/८३ असतो. एवढं तरी बघून घ्या, मग त्या ब्रँडचा तज्ज्ञ बोलवा. सोनारानेच कान टोचावेत, पाच-सातशे पौंड गेले तरी चालतील.

पायरी ७: लिलावाचा दिवस

सकाळी परत डेस्कवर जा आणि 'सेलरूम नोटीस' विचारा. कॅटलॉग छापल्यानंतर काही चूक सापडली तर ती या चिठ्ठीत येते किंवा लॉट सुरू होताना लिलाववाला भरभर वाचून दाखवतो, आणि कायदेशीरदृष्ट्या ती कॅटलॉगच्या वर. 'इंजिन नंबर मूळचा नाही' हे वाक्य मी अशा चिठ्ठीत, हातोडा पडायच्या अर्धा तास आधी वाचलेलं आहे.

विक्रीच्या अटी आधी वाचा. जुनी गाडी 'जशी आहे तशी' विकली जाते, आणि ज्या लिलावाला तुम्ही स्वतः हजर राहू शकता तिथे सेकंडहँड वस्तूसाठी २०१५ च्या ग्राहक कायद्याचं बरंचसं संरक्षण मिळत नाही. म्हणजे घरी नेल्यावर रडून उपयोग नाही. बोलीचा आकडा ठरवताना बायर्स प्रीमियम (बोलीच्या वर लिलाव कंपनीला द्यायचं कमिशन) आणि त्यावरचा व्हॅट धरा, प्रीमियम दर लिलाव कंपनीचा वेगळा असतो. फाइलमधलं जे भोक भरलं नाही त्याचे पैसे आकड्यातून वजा करा आणि तो आकडा बायकोला किंवा मित्राला सांगून ठेवा. मंडपात गरम होतं, शेजारचा हात वर करतो, आणि मग तुमचाही होतो.

भारतात घेणार असाल तर

पुण्या-मुंबईत अशा स्पोर्ट्स कार कमी, पण ज्या आहेत त्यांचा कागद अजून जास्त जपून बघावा लागतो. जुलै २०२१ पासून ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेजची वेगळी नोंदणी आलीय, नंबरात राज्याच्या कोडनंतर 'व्हीए' येतं, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, आणि तो ठेवलेला असेल तर बरं, कारण त्या नंबरावरून आरटीओच्या जुन्या नोंदीपर्यंत जाता येतं. आरसीवरचा चेसिस नंबर आणि पत्र्यावरचा नंबर एकेक आकडा जुळवा, क्लार्कने लिहिताना ८ चा ३ केलेला असतो आणि मग पुढच्या चार मालकांनी तोच गिरवलेला असतो.

घेतलीत? मग हे त्याच आठवड्यात

व्ही५सी स्वतःच्या नावावर करा, फाइलमधला प्रत्येक कागद दोन्ही बाजूंनी स्कॅन करा, ट्रस्टचं सर्टिफिकेट स्वतःच्या नावाने नवीन मागवा. आणि रिस्टोररच्या अंगणात गाडी सोडायच्या आधी पिक्चर फ्रेम, ब्लॉक, हेड, गिअरबॉक्स या चारही नंबरांचे शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, पेन्सिल प्रिंट घ्या, त्यावर तारीख टाका. सँडब्लास्टिंगवाल्याला लेखी द्या की या चार जागांवर टेप लावायची आणि तिथे वाळू मारायची नाही. तोंडी सांगितलेलं तो विसरतो.